तिसऱ्या रात्रीचा पुतळा

राखेतून माणसाचं बोट काढलं ते एका कोंबडीनं.

रविवारची सकाळ होती. थॉर्नबेकच्या चौकात आदल्या रात्रीचा जाळ अजून धुमसत होता. खाणावळवालीच्या कोंबड्या उबेला म्हणून राखेत शिरल्या, आणि त्यातली एक चोचीत काहीतरी घेऊन पळत सुटली. बाकीच्या तिच्या मागे. खाणावळवालीनं झाडू उगारला, कोंबडीनं तोंडातलं टाकलं, आणि ती बाई दारातच मटकन बसली.

सार्जंट इनॉक स्लिंग्जबी बाजारगावाहून घोड्यावरून आला तेव्हा अख्खं गाव चौकाच्या कडेनं उभं होतं. चर्चची घंटा वाजून गेली होती, पण प्रार्थनेला कुणी गेलं नव्हतं. काल रात्री याच लोकांनी इथं पातेली, पराती, तवे बडवले होते. शिव्यांची गाणी म्हटली होती. पेंढ्याचा पुतळा खुर्चीत बसवून, खांबावर चढवून गावभर मिरवला होता आणि शेवटी डांबराच्या पिंपावर ठेवून पेटवला होता. बायकोला मारणाऱ्या माणसाची अशी वरात या भागात पिढ्यान्‌पिढ्या निघत आलेली. तीन रात्री वाजवायचं, तिसऱ्या रात्री जाळायचं.

या वेळी पुतळ्याच्या आत माणूस होता.

"कोण आहे ते कळतंय का?" इनॉकनं विचारलं.

खाणावळवाली म्हणाली, "बुटांचे खिळे बघा साहेब. डाव्या टाचेला घोड्याच्या नालेचा तुकडा. असा बूट गावात एकाचाच. ज्याची वरात, त्याचाच."

रूबेन मेटकाफ. ज्याचा पुतळा म्हणून जाळायचा होता, तोच जळाला होता. जवळच एक बाई ओकत होती. काल तिनंच चरबीचा डबा ओतला होता, आणि जाळ भडकल्यावर टाळ्याही पिटल्या होत्या.

डॉक्टर गुडघ्यावर बसून काम करत होता. पाय कोळसा झाले होते. छाती फुटली होती. चेहरा नव्हताच, पण कवटी शाबूत होती आणि तिच्या माथ्यावर एक भोक होतं. एका बाजूला टोकदार, दुसरीकडे रुंद.

"आधी मेला, मग जळला," डॉक्टर म्हणाला. "घशात काजळी नाही. वरून घाव घातलाय, तोही एकच."

"हातोडा?"

"हातोड्याचं भोक असं नसतं."

इनॉकनं कवटीच्या दोन्ही अंगांची राख बोटांनी चाळली. कानांच्या जागेजवळ दोन काळ्या चकत्या सापडल्या. एकीला जळक्या फडक्याची घडी चिकटली होती.

"खिशातली चिल्लर असेल," डॉक्टर म्हणाला.

इनॉकनं चकत्या रुमालात बांधल्या. हाताला त्या फारच जड लागल्या.

*

हेस्टर मेटकाफ चुलीपुढच्या बाकावर बसली होती. उजवा हात दोन फळ्यांमध्ये बांधलेला, एक डोळा सुजून बंद. पाच वर्षांची लेटी टेबलाखाली चिंध्यांची बाहुली निजवत होती.

इनॉकला घाई होती. मॅजिस्ट्रेटचा निरोप त्याच्या मागोमागच गावात पोचला होता: बायकोला सोमवारी सकाळच्या गाडीनं तुरुंगात आणा. मॅजिस्ट्रेटला शंका उरलीच नव्हती. नवऱ्याचा खून म्हणजे फाशी, आणि पोरीची रवानगी अनाथाश्रमात.

"हात कधी मोडला?"

"बुधवारी. बटाटे करपले होते."

"म्हणून वरात काढली?"

"माझ्या दादानं काढली. मी सांगितलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही."

"पुतळ्याच्या अंगावरचा कोट?"

"मीच दिला. ज्याचा पुतळा त्याचा कोट लागतो, माहीतच आहे तुम्हाला. इथलेच आहात."

"आणि जाळ कुणी लावला?"

"तोही मीच. बाईनंच लावायचा असतो." तिनं डावा हात पुढे केला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "या हातानं. नीट पेटेना म्हणून दोनदा लावला."

"आत तो आहे हे माहीत होतं?"

हेस्टरनं हात मागे घेतला. टेबलाखालून लेटी बाहुलीला दटावत होती.

"हेस्टर, तू बोलली नाहीस तर उद्या गाडीत बसशील. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"रूबेनला शेवटचं कधी पाहिलंस?"

"शुक्रवारी रात्री. दुसरी वरात दारात आली तेव्हा खिडकीतून कुऱ्हाड फेकली त्यानं. मग मागच्या दारानं पळाला. जाताना म्हणाला, 'यांचे हात दुखले की परत येतो. दुसरा हात पण मोडतो. आणि पोरीला असं शिकवतो की ती जन्मात वर मान करणार नाही.' "

"कुठं गेला असेल?"

"माळावर. नाहीतर कुठल्यातरी गोठ्यात. या गावात त्याला दार कोण उघडणार?"

इनॉक उठला. तेवढ्यात लेटीनं टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "बाबांचे डोळे मिटलेत का?"

"का गं?"

"उघडे राहिले तर मेलेला माणूस घरातलं कुणीतरी शोधून सोबत नेतो. आजी म्हणते. मला नेतील का?"

हेस्टरनं तिला जवळ ओढलं. "नाही गं राणी. मिटलेत."

ती हे नुसतं समजूत घालायला म्हणाली, एवढं इनॉकला दिसलं.

*

हेस्टरचा भाऊ जेबेझ लोहार. वरातीचा म्होरक्या तोच. इनॉक आणि तो एकाच ओढ्यात डुंबून मोठे झालेले, त्यामुळे साहेब वगैरे भानगड नव्हती.

"बेड्या आणल्यास का?" जेबेझनं विचारलं. "आणल्या असशील तर दे, त्यांचे रिव्हेट बघतो. सरकारी माल कच्चा असतो."

"पुतळा कुठं ठेवत होतात?"

"चर्चमागच्या खोलीत. मढ्याची गाडी असते तिथं. त्या खोलीला कुलूप नाही. कोण जातंय तिकडं हौसेनं?"

"पहिल्या दोन रात्री कुणी उचलला?"

"मी एकट्यानं. पेंढाच तो."

"आणि काल?"

जेबेझनं भात्याची दांडी उगाच पुसली. "चौघांनी. एक जण म्हणाला, ओल धरली वाटतं. तो म्हणाला म्हणून आम्ही सगळेच म्हणालो. पेटवायलाही दोनदा लागलं." त्यानं दांडी सोडून दिली. "खांद्यावर घेऊन नाचलो रे मी त्याला, इनॉक. त्याच्या मांडीवर थापा मारल्या."

"शनिवारी दिवसभर कुठं होतास?"

"इथं, घणावर. जेवणाच्या वेळी डॉर्कसआजी मढ्याची गाडी ढकलत गेली तेवढं दारात येऊन टोपी काढून उभा राहिलो, मान खाली घालून. समोरच्या बाईनं पडदा ओढून घेतला. गाडी गेली, पुन्हा घण उचलला."

इनॉक पुढं काही विचारणार तोच जेबेझ म्हणाला, "हे बघ, सोडून दे बाकीचं. मीच मारला त्याला. शुक्रवारी रात्री माळावर गाठला. हेस्टरला काही माहीत नाही."

"कशानं?"

"घणानं."

"कुठं?"

"मागून, मानेत. एका दणक्यात पडला."

"मान शाबूत आहे त्याची," इनॉक म्हणाला. "तू लोखंड चांगलं ठोकतोस, जेबेझ. खोटं बोलणं ठोकून बसवता येत नाही तुला."

जेबेझ ऐरणीवर बसला. "मग तिनंच केलंय का?" त्यानं हळू विचारलं. "मला वाटलं, तिनंच..."

"आणि तिला वाटतंय की तू. म्हणून ती दातखीळ बसल्यासारखी बसलीय. भावंडं शोभता."

*

रूबेनची आई, डॉर्कस मेटकाफ, गावाच्या टोकाच्या घरात राहायची. थॉर्नबेकमध्ये जन्मणाऱ्याची नाळ ती कापायची आणि मरणाऱ्याला न्हाऊ-माखू घालून ती निजवायची. इनॉकला जगात आणलं तेही तिनंच, आणि तो लेटीएवढा असताना त्याच्या आईला धुऊन-पुसून निजवलं तेही तिनंच.

रविवार असूनही ती इस्त्री करत होती.

"ये इनॉक. पाय पूस. डॉक्टरीणबाईंचे कपडे आहेत, राख नको."

"आज सुतकात सुद्धा काम, आजी?"

"हात रिकामा राहिला तर वाईट." तिनं निखाऱ्यांजवळून इस्त्री उचलली, तिच्यावर थुंकी टाकून पाहिली आणि बाहीवरून फिरवली. दोन-तीन हातांतच इस्त्री निवली. ती पुन्हा चुलीशी ठेवून डॉर्कस हात बांधून उभी राहिली, तापण्याची वाट पाहत. बाहीला सुरकुती तशीच राहिली होती.

"रूबेन इकडे आला होता का?"

"ज्याच्या नावानं अख्खं गाव पातेली बडवतंय तो कुठं जाईल, तूच सांग."

"माळावर, असं म्हणतात."

"म्हणू दे."

"तुम्ही वरात थांबवायला सांगितलं नाहीत? पोटचा पोर तुमचा."

"याच्या बापाची निघाली होती तेव्हा मी आत बसून ऐकली होती. याच्या आज्याची निघाली ती माझ्या सासूनं ऐकली. पातेल्यांना पोचे पडले, या घरातला एकही पुरुष सुधारला नाही." तिनं इस्त्री उचलून गालाजवळ नेली. अजून नाही. "दर वेळेला तीन रात्री मजा करतात आणि चौथ्या दिवशी बाईला मार पडतो. वरातीमुळे वाढीव."

"हेस्टरला उद्या नेणार आहेत."

"तुझ्या हातात आहे ते."

"मॅजिस्ट्रेटच्या हातात आहे."

"तुला मी उलटा बाहेर काढलाय, पायांकडून," डॉर्कस म्हणाली. "सगळे म्हणाले मेलाय. मी म्हटलं, थांबा, याला उशिरा कळतं, पण कळतं."

इनॉकला हसू आलं नाही. जाता जाता त्यानं सहज विचारलं, "या हिवाळ्यात गावात कोण कोण गेलं, आजी?"

"कुणीच नाही. बरा गेला हिवाळा. आता माझाच पोर गेला, पण धुवायला काय ठेवलंय त्यात."

*

सोमवारी सकाळी खाणावळवालीनं इनॉकपुढे थंड मांस आणि मुरवलेले कांदे ठेवले. रुमाल सोडून त्यानं दोन्ही चकत्या कांद्यांच्या सिरक्यात टाकल्या.

खाणावळवालीनं नाक मुरडलं. "कांदे वाया घालवले की हो."

थोड्या वेळानं त्यानं चकत्या बोटानं घासल्या. काजळीखालून तांबं वर आलं. गाडीच्या चाकासारखी जाड, उभी कड. राणीच्या आज्याच्या काळातल्या पेन्या.

"हे घेशील का गं? जेवणाचे?"

"चेष्टा करता काय. नव्या पेन्या आल्यापासून ही कुठला दुकानदार घेतो? खिशाला भोक पडायचं नुसतं."

इनॉक त्या नाण्यांकडे बघत राहिला. त्याला एक खोली दिसली, ओढलेले पडदे, पांढरी चादर. त्यानं डोळे चोळले आणि टोपी उचलली.

बाहेर तुरुंगाची गाडी येऊन उभी राहिली होती. हेस्टर बांधलेला हात शालीत लपवून गाडीजवळ उभी होती. लेटी तिच्या घागऱ्याला दोन्ही मुठींनी चिकटलेली.

"आधी सासूकडं चला," इनॉक म्हणाला. "जेबेझ, तूही."

*

डॉर्कस टोपडं बांधून, हातात हात घेऊन बसली होती. इस्त्रीचे कपडे घडी घालून टोपलीत होते. लेटीला तिनं मागच्या दारात मांजरीशी खेळायला पाठवलं.

इनॉकनं दोन्ही नाणी टेबलावर ठेवली. हेस्टर पुढं वाकली. "ही तर तुमची, आई."

"हो," इनॉक म्हणाला. "गावात मेलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर ठेवायची नाणी. माझ्या आईच्याही ठेवली होती. मी उचलायला गेलो तर आजींनी हातावर चापट मारली होती. ही राखेत डोक्याशी सापडली. खिसा कमरेला असतो, डोक्याला नाही. आणि चालत नाहीत ती नाणी खिशात घेऊन कोण फिरतं? रूबेनला मारल्यावर कुणीतरी त्याचे डोळे मिटले, त्यावर नाणी ठेवली आणि सुटू नयेत म्हणून फडक्यानं बांधली. मग डोक्यावर पुतळ्याचं पोतं चढवलं."

"जाळायचाच होता तर डोळे कशाला मिटायचे?" जेबेझ म्हणाला.

"उघड्या डोळ्यांचा मेलेला घरातलं माणूस सोबत नेतो म्हणून. ज्याच्या घरात नेण्यासारखं कुणी नाही, त्याला त्याची काय भीती? म्हणजे मारणारा याच घरातला. रूबेन माळावरून कुणाच्या दाराशी येणार? एकच दार होतं."

"पण मढं चर्चमागं नेलं कधी? भर गावातून?"

"तू बघितलंस, जेबेझ. टोपी काढून उभा होतास."

जेबेझचा हात टोपीकडं गेला.

"शनिवारी भर दुपारी डॉर्कसआजी मढ्याची गाडी ढकलत गल्लीतून गेली. काळं कापड घातलेलं. मढं एकटीनं उचलायची सवय त्यांच्या हातांना जन्माची. तू मान खाली घातलीस, समोरचीनं पडदा ओढला. मढं जाताना आपण बघत नाही, आणि कुणाचं हे विचारत नाही. घंटा वाजली नव्हती. हिवाळ्यात गावात कुणी मेलंही नव्हतं. मग त्या गाडीवर कोण होतं?"

हेस्टरनं मागच्या दारातल्या लेटीकडं पाहिलं.

"उरला घाव," इनॉक म्हणाला. "टोकदार आणि मागं रुंद. आजी, इस्त्रीच्या घरात दोन इस्त्र्या असतात. एक हातात, एक निखाऱ्यावर. तुम्ही काल एकीच्याच तापण्याची वाट बघत उभ्या होतात. दुसरी कुठंय?"

"ओढ्यात," डॉर्कस म्हणाली. "पुलाखाली. चांगली इस्त्री होती, मला खरं तर ती फेकवत नव्हती."

चुलीत निखारा फुटला.

"शनिवारी सकाळी आला. भिजलेला, उपाशी. मी मटणाचा रस्सा वाढला. खाता खाता सगळं सांगत होता, हेस्टरचं काय करणार ते. मग पोरीचं काय करणार ते. हसत होता. त्याचा बाप असाच रस्सा ओरपत बोलायचा. ताट पुढं केलं आणि म्हणाला, 'आई, अजून वाढ.' " तिनं टोपड्याची गाठ चाचपली. "माझ्या हातात इस्त्री होती. तो ताटावर वाकलेला होता, नाहीतर माझा हात पोचला नसता. टेबलावर रक्त आणि रस्सा सगळं एक झालं. पाय झाडले त्यानं थोडा वेळ. मी धरून ठेवले, लहानपणी धरायचे तसे."

"आई," हेस्टर म्हणाली. एवढंच.

"ही नाणी माझ्या आजीची. आज्यानं तिचा जबडा मोडला होता, त्याच्या डोळ्यांवर पहिल्यांदा तिनंच ठेवली. मग ती माझ्या आईकडे आली. तिच्या नवऱ्यानं तिला जिन्यावरून ढकललं, तेव्हा तिच्या डोळ्यांवर मी ठेवली. माझी तीन बाळं गेली, त्यांच्या एवढ्याशा डोळ्यांवर ही मावत नव्हती, हातानं धरून बसावं लागलं. मग माझा नवरा. तेव्हा हात अजिबात कापला नाही." ती इनॉककडे बघत होती. "मी विचार केला, पुढच्या वेळी ही हेस्टरवर ठेवायची की लेटीवर? हेच तर विचारत होता तो, ताट पुढं करून."

"आणि हेस्टरला धरलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?" इनॉकचा आवाज चढला. "फाशी गेली असती ती."

"गाडी येईपर्यंत वाट पाहत होते. कपडे द्यायचे होते. तुला कळेल असंही वाटत होतं, आणि नाही कळलं तर मी हे टोपडं बांधून बसलेच होते." तिनं नाण्यांकडे बोट केलं. "ती तुला लागतील ना, पुरावा म्हणून?"

"लागतील."

"काम झालं की परत देऊ नकोस. या घरात तर नकोच."

हेस्टर उठली. डाव्या हातानं तिनं सासूच्या शालीची पिन लावायला घेतली. एका हातानं जमेना. जेबेझ पुढं आला, पण तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं आणि दातात पिन धरून ती लावलीच.

"रस्सा उरलाय," डॉर्कस तिला म्हणाली. "फेकून दे. आणि पोरीला सांग, डोळे मिटले होते म्हणून. मी स्वतः मिटले."

*

गाडी गल्लीतून निघाली. इनॉक म्हातारीशेजारी बसला होता. त्यानं बेड्या घातल्या नव्हत्या.

लोक दारादारांत आले. कुणाच्या हातात पातेलं नव्हतं. लोहारवाड्यापाशी एकानं टोपी काढली. मग दुसऱ्यानं. पुढं सगळेच माना खाली घालून उभे राहिले, आणि एकेका खिडकीचा पडदा ओढला जाऊ लागला.

डॉर्कसनं गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. थोडा वेळ ती त्या उघड्या डोक्यांकडे बघत राहिली. त्यातल्या बहुतेकांच्या नाळा तिनंच कापल्या होत्या.

"टोप्या घाला रे," ती म्हणाली. "आणि वर बघा. मी अजून जिवंत आहे."